खेळाची विभक्ती

आमच्या गावातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी काही वर्षे ‘शिक्षणप्रेमी’ या नात्याने सदस्य होतो. शिक्षण हक्क कायद्याने अशा समित्या आणल्या. त्यांत तीन चतुर्थांश पालक असतात आणि उरलेल्या जागांत माझ्यासारख्या निरुपद्रवी माणसांची सोय होते. एका बैठकीत मैदानाचा विषय निघाला. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि सणासुदीच्या दिवसांत मैदानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग वाहनतळासाठी द्यायचा, त्या बदल्यात शाळेला दोन वर्गांच्या फरशा बदलून मिळतील आणि पडलेली कुंपणाची भिंत उभी राहील, असा प्रस्ताव होता. तो आणणाऱ्यांच्या मनात काही काळेबेरे होते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. फरशा खरोखरच उखडल्या होत्या. मुले खाली बसून जेवत आणि बोटे ठेचून घेत. तरीही मी विरोध करायचे ठरवले, आणि जुन्या सवयीने आधी कागद जमवायला बसलो. मला एकच वाक्य हवे होते. मुलांना खेळता यावे एवढ्यासाठी ही जागा मोकळी राहिली पाहिजे, असे शासनाने कुठेतरी म्हटलेले असणारच, अशी माझी समजूत होती.

त्या वाक्याच्या शोधात १९६८च्या पहिल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणापासून अलीकडच्या क्रीडा धोरणापर्यंतचे बरेच कागद वाचले गेले. मी जन्मभर कविता-कादंबऱ्या वाचत आलो. सरकारी मजकूर वाचायची वेगळी रीत मला ठाऊक नाही. तेव्हा तोही मी तसाच वाचला. कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो, कर्ता कुठे गायब होतो, कुठे ‘शक्यतो’ येते आणि कुठे ‘आवश्यकतेनुसार’, असे बघत. या लेखात जे म्हणायचे आहे ते त्या वाचनातून निघाले आहे. शिक्षणशास्त्राचा अधिकार मला नाही, पण धोरण हाही शेवटी एक मजकूर असतो, आणि मजकुरावर टीका करण्याचा अधिकार वाचकाला असतोच.

पहिली गोष्ट जाणवली ती व्याकरणाची. या कागदांत ‘खेळ’ हा शब्द विपुल आहे, पण तो प्रथमेत क्वचित भेटतो. खेळाने शरीर सुदृढ होते, ही तृतीया. खेळातून मूल्ये रुजतात, खेळातून गणित शिकवावे, ही पंचमी. खेळात नैपुण्य मिळवणाऱ्यास शिष्यवृत्ती, ही सप्तमी. खेळाचा तास, खेळाचे साहित्य, खेळाचे गुण, ही षष्ठी. मूळ कागद बहुतेक इंग्रजी असतात आणि मराठी शासन निर्णय त्यांच्या सावलीत लिहिले जातात हे खरे, पण तिथेही ‘थ्रू’ आणि ‘फॉर’ नावाचे दोन पहारेकरी खेळाच्या दोन्ही अंगांना उभे असतातच. खेळ हा कशाचा तरी मार्ग, साधन, निमित्त किंवा विशेषण. मूल खेळते, आणि ते खेळणे एवढेच पुरे आहे, असे कर्ता-क्रियापदाचे साधे वाक्य मला हवे होते.

आपली भाषाही यात निर्दोष नाही. पोरखेळ, खेळखंडोबा, जिवाशी खेळ, भावनांशी खेळ. मराठीत एखाद्या गोष्टीला हिणवायचे असेल तर तिला खेळ म्हटले की भागते. ‘शिक्षणाचा खेळखंडोबा’ हा तर वृत्तपत्रांचा ठेवणीतला मथळा आहे. शिक्षणाचे वाटोळे झाले हे सांगायला आपल्याला खेळ आठवतो. म्हणूनच की काय, सरकारी मराठीने गंभीर प्रसंगांसाठी ‘क्रीडा’ हा संस्कृत शब्द पुढे केला. खेळ मुलांचा, क्रीडा खात्याची. मंत्रालयातल्या विभागाचे नाव ‘शालेय शिक्षण व क्रीडा’ आहे. त्या जागी ‘शालेय शिक्षण व खेळ विभाग’ असे म्हणून पाहा, ओठांवर हसू येते. ते हसू कुठून येते याचा विचार केला तर पुढचा बराचसा मजकूर अनावश्यक ठरेल.

परंपरा जुनी आहे. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाच्या काळात शारीरिक शिक्षणाला सरकारी अभ्यासक्रमात मानाची जागा मिळाली. स्वामी कुवलयानंदांसारखा माणूस त्या कामात होता, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था निघाली. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियम बांधून दिले होते. हे सारे स्वाभिमानाच्या ओढीने चालले होते. परक्या राज्यात दुबळे ठरवल्या गेलेल्या समाजाला आपले शरीर परत मिळवायचे होते. त्याची थोरवी मला मान्य आहे. मात्र त्या ओढीत मुलाच्या शरीराकडे राष्ट्राचे भांडवल म्हणून पाहण्याची दृष्टी पक्की झाली, आणि स्वातंत्र्यानंतर ती तशीच सरकारात आली. १९५४ मध्ये केंद्राने जी योजना काढली तिचे नावच ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ होते. आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले, आपल्याच सावंतवाडीकडचे, तिचे प्रवर्तक. फाळणीत घर गमावलेल्या मुलांपासून तिची सुरुवात झाली. त्या मुलांना कवायत, गाणी, समूहाची सोबत यांनी आधार दिला असेल यात शंका नाही. पण योजनेला नाव देताना आधार हा शब्द कुणाला सुचला नाही, शिस्त सुचला.

या पार्श्वभूमीवर १९६८चे धोरण वाचताना सुखद धक्का बसतो. काही पानांचाच तो मजकूर. त्यात खेळांबद्दल जे म्हटले आहे त्याचा आशय असा की, खेळांचा विस्तार करताना सर्वसाधारण विद्यार्थ्याची शारीरिक क्षमता आणि खिलाडूवृत्ती वाढावी, आणि जे विशेष चमकतात त्यांचीही. आणि जिथे मैदाने नाहीत तिथे ती अग्रक्रमाने द्यावीत. सर्वसाधारण विद्यार्थी आधी, चमकणारा नंतर. हा क्रम मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण पुढच्या पन्नास वर्षांत तो उलटा झाला. १९७४च्या राष्ट्रीय बालधोरणात खेळ शाळा आणि समाजकेंद्रांत वाढवावेत असे आहे. तेही बरे, पण तेवढेच. १९८६च्या धोरणात मात्र मला माझे वाक्य जवळजवळ सापडले. शहरांमधल्या उपलब्ध मोकळ्या जागा क्रीडांगणांसाठी राखून ठेवल्या जातील, गरज पडल्यास कायदा करून, असे तिथे आहे. मी ते वहीत उतरवले, खाली दोन रेघा मारल्या. मग लक्षात आले की वाक्य कर्मणी आहे. जागा राखल्या जातील. कोण राखणार? क्रीडा हा घटनेनुसार राज्यांच्या सूचीतला विषय, शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत, आणि जमिनीचे आरक्षण नगररचनेकडे. तीन खात्यांच्या मधल्या बोळात ते वाक्य उभे आहे, जवळजवळ चाळीस वर्षे. त्याच धोरणात असेही आहे की खेळ हा शिक्षणप्रक्रियेचा अविभाज्य भाग मानून मूल्यमापनात धरला जाईल. या दोन वचनांपैकी कुठले आधी पाळले गेले असेल हे वाचकाला सांगायला नको. मैदान राखायला जमीन लागते, गुण द्यायला रकाना पुरतो.

आता कायदा. धोरण म्हणजे इच्छा, कायदा म्हणजे बंधन, असे आपण धरून चालतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, शाळेत काय काय असले पाहिजे ते सांगणारे. ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा क्रीडांगणाचा उल्लेख चटकन सापडला नाही, कारण मी तो चुकीच्या जागी शोधत होतो. तो ‘इमारत’ या नोंदीत आहे. सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत, तिच्यात पुढील गोष्टी असतील, असे म्हणून जी यादी दिली आहे तिच्यात वर्गखोल्या, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर आणि कुंपण यांच्या संगतीत क्रीडांगण येते. एकच शब्द. त्याला विशेषण नाही, क्षेत्रफळ नाही, ‘पुरेसे’देखील नाही. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने काटेकोर वाचले तर मैदान हा इमारतीचा एक भाग ठरतो. मी हे आमच्या मुख्याध्यापकांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, “सर, म्हणूनच गच्चीवर लंगडी घेतात शहरातल्या शाळा.” ते थट्टेने म्हणाले, पण त्यांच्या थट्टेत त्या परिशिष्टाचे अचूक समीक्षण होते.

त्याच परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झाले पाहिजे असा हिशेब आहे. शिक्षकाचे आठवड्याचे तासही मोजलेले आहेत. मधल्या सुट्टीचा एक मिनिटही मोजलेला नाही. खेळाचे साहित्य प्रत्येक वर्गाला ‘आवश्यकतेनुसार’ द्यायचे आहे. कायद्याच्या भाषेत जे मोजले जाते ते मागता येते. जे आवश्यकतेनुसार असते त्याची आवश्यकता देणारा ठरवतो. या कायद्याने केलेले मोठे काम मी नाकारत नाही. मारहाणीला आणि मानसिक छळाला त्याने बंदी केली, मुलाला भय आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची भाषा अभ्यासक्रमाच्या कलमात आणली. ते वाक्य या सबंध साहित्यातले सर्वांत माणुसकीचे वाक्य आहे. म्हणूनच त्याच्या शेजारी खेळाला एक उघडावाघडा शब्द मिळावा याचे वाईट वाटते.

शंभराहून अधिक मुले असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत, अशीही तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये या जागांवर अतिथी निदेशक घ्यायचे ठरले तेव्हा तासिकेला ५० रुपये मानधन ठरवले होते. शिक्षक संघटनांनी आरडाओरड केली, आणि ती योग्यच होती. पण मला त्या आकड्यात अर्थशास्त्रापेक्षा टीकाशास्त्र जास्त दिसले. एखाद्या विषयाबद्दल समाजाचे खरे मत काय आहे हे प्रस्तावनेतल्या विशेषणांवरून कळत नाही, ते अशा परिच्छेदांवरून कळते. प्रस्तावनेत सर्वांगीण विकास, आणि आत तासिकेला पन्नास रुपये.

एकविसाव्या शतकात या साहित्याचा सूर बदलला. १९८४ आणि २००१च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणांनी पाया घातला होता. २०१८ पासून ‘खेलो इंडिया’च्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये, त्या पुण्यात बालेवाडीला भरल्या, महाराष्ट्र पहिला आला आणि आम्हा सगळ्यांच्या छात्या फुगल्या. निवडलेल्या खेळाडूंना दर वर्षी पाच लाखांपर्यंतचे साहाय्य, आठ वर्षांपर्यंत, अशी ती रचना. खेड्यातल्या, शेतमजुराच्या मुलीला तिने कुस्तीच्या किंवा धावण्याच्या मैदानावर उभे केले असेल तर त्यावर नाक मुरडणारा मी कोण? माझी तक्रार पदकाबद्दल नाही. पदकाच्या भाषेने बाकीच्या मुलांना धोरणातून बाहेर काढले, ही तक्रार आहे. शोध, निवड, पोषण, कामगिरी हे शब्द गाळणीचे आहेत. गाळणीच्या वर काय राहिले याची चौकशी गाळणी करत नाही. शाळाशाळांतून मुलांची जी शारीरिक क्षमता चाचणी घेतली जाऊ लागली तिच्यात पाच ते आठ वयाच्या मुलाने एका पायावर किती वेळ तोल सांभाळला, दोन तबकड्यांवर किती वेगाने हात आपटला, हे नोंदवायचे असते. मोठ्या मुलांसाठी ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे. एका पायावर उभे राहणे म्हणजे लंगडीच. फरक असा की लंगडीत कुणाला तरी पकडायचे असते.

आपल्या राज्यात दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे. स्पर्धेच्या पातळीनुसार ते गुण वाढत जातात, जास्तीत जास्त पंचवीस. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. एका पालकाने मला विचारले होते की मुलीला कुठल्या खेळाला घालावे. कुठला तिला आवडतो, असे मी विचारले. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, “ज्यात जिल्ह्याला जायला स्पर्धक कमी असतात असा कुठला?” या माणसाला मी हसलो नाही. त्याने धोरण माझ्यापेक्षा नीट वाचले होते.

मुलीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो, जरा आडवळणाची. महाराष्ट्र शासनाची एक लोकसाहित्य समिती होती. सरोजिनी बाबर यांनी तिच्या कामात आयुष्य ओतले. मंगळागौरीचे खेळ, भोंडला, झिम्मा, फुगडी, त्यांची गाणी, हा सारा ठेवा त्या प्रयत्नांतून ग्रंथबद्ध झाला. शासनाच्याच पैशाने. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुली आणि बाया शतकानुशतके काय खेळत आल्या हे शासनाला माहीत आहे, लिखित स्वरूपात माहीत आहे. मात्र ती माहिती साहित्य-संस्कृतीच्या कपाटात राहिली. क्रीडा खात्याच्या कपाटात हुतूतूची कबड्डी झाली, खो-खोला नियम आणि पंच मिळाले. फुगडी लोकसाहित्य झाली आणि कबड्डी क्रीडा झाली, ही वाटणी कुणी बसून केली नसणार. पण तिचा परिणाम असा की मुलीने खेळायचे असेल तर तिने मुलग्यांचा म्हणून ओळखला जाणारा, मैदान लागणारा, गणवेश लागणारा खेळ खेळायचा. दोन मुलींना दोन हातांची जागा पुरेल असा जो खेळ तिच्या घरात होता, त्याची दखल फक्त स्नेहसंमेलनात. फुगडीला स्पर्धा आणि पंच द्या असे मला म्हणायचे नाही. तसे केले तर तिच्यातली फुगडी जाईल. मला एवढेच दिसते की धोरणाला खेळ ओळखू येण्यासाठी त्यात आधी हार-जीत असावी लागते.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लहान मुलांच्या बाबतीत ही चूक टाळायचा प्रयत्न केला, हे कबूल केले पाहिजे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळावर आधारित असावे असे ते म्हणते. २०२२च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात याची चर्चा तपशिलाने आहे. २०२३ मध्ये खेळण्यांची ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी आली. मराठी वाचकाला हे वाचताना तारा बदलल्यासारखे नव्हे, ओळखीचे वाटते. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केले, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघांना सोबत घेऊन १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांच्या वस्तीत अंगणवाडी भरवली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, खडे, काटक्या हे त्यांचे साहित्य. अंगणवाडी हा शब्द पुढे १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला. शब्द गेला, अंगण कितीसे गेले ते भाड्याच्या एका खोलीत भरणाऱ्या अंगणवाड्या पाहून कळते.

मग माझा आक्षेप काय? ताराबाईदेखील खेळातून शिकवतच होत्या की. हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. फरक मला असा वाटतो. कोसबाडला आधी मूल जे करते आहे त्याकडे पाहिले गेले आणि मग त्याच्या जवळ शिक्षण नेऊन ठेवले. शाळा गुरांमागे गेली. आजच्या आराखड्यांत अपेक्षित फलनिष्पत्ती आधी ठरते, साक्षरता आणि संख्याज्ञानाचे टप्पे आधी आखले जातात आणि मग त्या टप्प्यांपर्यंत जाणारा खेळ शोधला जातो. पाच ठोकळे उचलायचे, कारण पाच हा अंक यायचा आहे. मुलाने सहावा उचलला आणि त्याची म्हैस केली, तर बाईंच्या नोंदवहीत त्याला रकाना नाही. ‘खेळातून’ हा शब्द तेव्हा खेळाला बोळासारखा वापरतो. त्यातून जायचे असते, तिथे थांबायचे नसते. आपल्या बालभारतीच्या एका पुस्तकमालेचे नाव ‘खेळू, करू, शिकू’ आहे. तीन क्रियापदे, खेळणे पहिले. नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. पण परीक्षा कशाची होते हे मुलांना पहिलीच्या दिवाळीपर्यंत कळलेले असते.

मुलांच्या स्वास्थ्याबद्दलचे निर्णय वाचताना मला एक नियम सापडल्यासारखा झाला. शासन जेव्हा मुलांना काही देऊ करते तेव्हा ते बहुधा फसते, आणि जेव्हा त्यांच्यावरून काही उचलते तेव्हा ते बहुधा बरोबर असते. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्यावर भाषण केले, पुढे यशपाल समिती बसली, १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. ओझे पाठीवरचे कमी आणि न समजण्याचे जास्त, असे तिचे निदान होते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असा आदेश काढला. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे सांगितले, कारण मुलांची झोप होत नाही. हा शासन निर्णय मला फार आवडला. त्यात झोप ही झोप म्हणून आली आहे, ‘झोपेतून स्मरणशक्तीचा विकास’ म्हणून आलेली नाही. वाहतुकीच्या अडचणी सांगून अनेक शाळांनी कुरकुर केली ती वेगळी गोष्ट. त्याच वर्षी ‘आनंददायी शनिवार’ही आला. कल्पना चांगली, पण प्राणायाम, ताणतणावाचे व्यवस्थापन, आर्थिक व्यवहाराची ओळख अशी शनिवारच्या आनंदाची विषयसूची वाचली की उरलेल्या पाच दिवसांबद्दल शासनाने नकळत काय कबूल केले आहे ते ध्यानात येते.

शोधाच्या शेवटी मला हवे होते ते वाक्य परदेशी कागदात भेटले. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९चा, भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि वयाला साजेसा खेळ हा मुलाचा हक्क म्हणून मान्य केला आहे. तिथे खेळ शिक्षणाच्या कलमात नाही. त्याला स्वतःचे कलम आहे. २०१३ मध्ये करारावर देखरेख करणाऱ्या समितीने या कलमावर विवेचन लिहिले. त्याचा गाभा असा की, जे मुले स्वतः सुरू करतात, स्वतः चालवतात, स्वतः रचतात ते खेळणे, त्याला सक्ती नसते आणि ते दुसऱ्या कशाचे साधन नसते. ही कसोटी लावली तर आपल्या वेळापत्रकातला पी.टी.चा तास खेळ ठरत नाही. तो चांगला असेल, हवाही असेल, पण तो खेळ नव्हे. शिट्टी ज्याच्या हातात आहे तो मोठा माणूस आहे.

इथे कुणी म्हणेल, मग शासनाने करायचे काय? जे मुलेच करतात ते सरकार कसे पुरवणार? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर छोटे आहे. जागा आणि वेळ सोडायची, आणि त्या दोहोंवर डोळा असलेल्यांना अडवायचे. हे काम अधूनमधून न्यायालयांनी केले आहे. १९९१ मध्ये बंगळूरच्या एका खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. २०२३ मध्ये हरयाणातल्या एका गावी शाळेच्या मैदानाच्या जागेवर झालेली अतिक्रमणे बाजारभावाने पैसे घेऊन नियमित करावीत, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि क्रीडांगणाविना शाळा असू शकत नाही असे म्हटले. परिशिष्टातल्या त्या एका शब्दाला चौदा वर्षांनी क्रियापद मिळाले.

हा निकाल, १९८६चे वाक्य, एकतिसावे कलम, सगळे टाचून मी बैठकीला गेलो. माझे म्हणणे सगळ्यांनी शांतपणे ऐकले. पालक सदस्यांतल्या एक ताई, भाजीचा गाळा असलेल्या, म्हणाल्या, “गाडी लावायला जागा नसली की गिऱ्हाईक थांबत नाही, सर. आणि फरशीवर माझाच मुलगा बसतो.” त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हते. मग प्रश्न निघाला की मैदानावर मुलांचा हक्क नेमका केव्हा असतो. मी उत्साहाने अभ्यासक्रम काढला, शारीरिक शिक्षणाच्या तासिका दाखवल्या, मूल्यमापनाचे नियम दाखवले. एकतिसावे कलमही वाचले, पण वेळापत्रकात त्याची तासिका दाखवता येईना. आणि ठराव माझ्याच कागदांच्या आधाराने लिहिला गेला. शारीरिक शिक्षणाच्या तासिका, कवायत आणि क्रीडास्पर्धांचा सराव यांस बाधा न येता, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी चारनंतर, तसेच सणांच्या सुट्ट्यांत, मैदानाचा रस्त्याकडील भाग वाहनतळ म्हणून वापरण्यास समितीची हरकत नाही. ठराव एकमताने झाला. मीही सही केली, कारण त्यातल्या एकाही शब्दाशी माझे कागद विसंगत नव्हते.

चारनंतर शाळा सुटते. बाजाराच्या दिवशी आयाबाप बाजारात असतात, म्हणून त्या दिवशी मैदानावर सगळ्यांत जास्त मुले असत. आमच्या शाळेची, आणि जी कुठल्याच शाळेत नियमित जात नव्हती तीही. सुट्टीच्या दिवसांचेही तेच. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मीही पाटीवरचे सूचनाफलक लावायला गेलो होतो तेव्हा पाहिले होते. पण ती मुले तेव्हा विद्यार्थी नव्हती, खेळाडूही नव्हती, आणि मी नेलेल्या टाचणात त्यांच्या चार ते सातच्या वेळेला पटेलसे नाव नव्हते.

फरशा बसल्या, चांगल्या बसल्या. भिंतही झाली. तिला रस्त्याच्या बाजूने गाड्यांसाठी मोठे फाटक आहे आणि ते बाजाराच्या दिवशी उघडते. या दिवाळीत तिथे फटाक्यांचे स्टॉल लागतील. समितीची पुढची बैठक डिसेंबरात आहे. ठरावातल्या ‘तासिका’ या शब्दानंतर ‘आणि शाळा सुटल्यावर सूर्यास्तापर्यंतचा वेळ’ एवढी भर घालावी, असे पत्र मी, आता सदस्य नसलो तरी, दिले आहे. भाजीच्या गाळ्याच्या ताईंनी त्यावर सही केली आहे. गाड्या कुठे लावायच्या याचा नकाशा सोबत जोडा, म्हणजे तुमचे कुणी ऐकेल, असेही त्या म्हणाल्या. तो मी सध्या काढतो आहे.